पडद्यावरून पुसलेला दांडा

"दांडा कुठे गेला? मोबाइलमधल्या फोटोत आहे, इथे नाही." दर्शना मंडपातल्या कापडी पडद्यासमोर थबकली.

लालबागच्या त्यांच्या गल्लीत यंदा गणपतीमागे दीर्घिकेचा देखावा होता. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखं ताऱ्यांचं प्रचंड शहर. ही इतकी दूर, की तिथल्या उजेडाला इथवर यायला हजार कोटी वर्षं लागली. ती शोधली दर्शनाच्या खगोलशास्त्रज्ञ मधुराताईने. मधोमध ताऱ्यांचा सरळ दांडा आणि टोकांपासून वळलेले दोन हात. इतक्या जुन्या काळी असा दांडा असेल, हे कुणी मानेना. ते पटवण्यात ताईची दोन वर्षं गेली. आज आरतीला ती येणार आणि पडद्यावर नुसती गोल जिलेबी!

तिच्या मैत्रिणीने, प्रितीने, सजावटप्रमुख जयवंतकाकांना गोड बोलून विचारलं. काका खुशीत म्हणाले, "अगो, मधे पट्टा आलेला. मला वाटलं डाग. छापण्याआधी मीच पुसायला लावला."

"मग पडदा बदलूया?" दर्शनाने विचारलं.

"खुळी की काय? त्याची कड बाप्पाच्या चौरंगाखाली हाय. प्रतिष्ठापना झाली, आता विसर्जनापर्यंत मूर्ती हलवायची नाय. आणि मागे कुणी जायचं नाय."

दर्शनाला रडूच आलं. त्यांचा मित्र वैभव मात्र घरी पळाला आणि दिवे गेल्यावर लावायची बॅटरीवरची लांब ट्यूब घेऊन आला.

"काका, मोदक पुरतील ना?" प्रितीने विचारताच काका मोजायला धावले. वैभव अंग चोरून पडद्यामागे शिरला. त्याचं कोपर बांबूला लागलं. बाप्पाचा मुकुट हलला, दर्शना पुढे झुकली. मुकुट स्थिरावला.

"तिरकी धर. अजून थोडी. बास!" दर्शना कुजबुजली.

तेवढ्यात काका परतले आणि पाठोपाठ ताई आली. तिने हात जोडले, वर बघितलं आणि बघतच राहिली. पडद्यातून दांडा उजळला होता.

"हा कुठून आला?" काका पुटपुटले. पडद्यामागे शिंक आली. काकांनी वैभवला बाहेर ओढलं आणि दांडा गायब झाला.

काकांचा चेहरा उतरला. "मधुरा, मीच पुसला तो. डाग समजलो. पोरांनी परत आणला."

"आमच्याकडच्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही डागच म्हटलं होतं, काका," ताई म्हणाली. तिने तिघांना जवळ घेतलं. "तेव्हा माझ्या बाजूने उभं राहायला तुमच्यासारखे कुणी हवे होते रे."

काकांनी वैभवच्या केसांतलं जळमट काढलं. "शाबास. जा परत आत, आरती संपेपर्यंत धर."

आरती सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला दांडा थरथरू लागला, तसे काका टाळ खाली ठेवून पडद्यामागे शिरले. मग तो शेवटपर्यंत हलला नाही.