नडगीची चकती

मोबाइल उलटे ठेवा सगळ्यांनी. आणि धाकट्या, तू आत्ताच ती उशी घट्ट धर, नंतर माझ्या पांघरुणात शिरायचं नाही. ही काही इकडून तिकडून कानावर आलेली गोष्ट नव्हे. माझ्या साडूवर ओढवलेला प्रसंग आहे, आणि साडू म्हणजे भुताखेतांची टिंगल करणारा माणूस.

तो हाडांच्या प्रयोगशाळेत कामाला होता. हाडाची चकती कापायची, ट्रेमधल्या ओल्या पॉलिश पेपरवर घासत घासत उजेड आरपार जाईल इतकी पातळ करायची, काचेवर चिकटवायची आणि दोन खास गडद काचांच्या मधे ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघायची. हाडात कोलॅजनचे तंतू असतात. त्या उजेडात आडवे तंतू चमकतात, उभे काळे दिसतात. चांगल्या हाडात ते कसे शिस्तीत असतात. पण हाड आतून तडकून स्वतःला सांधत असलं, की तिथे सगळा गुंता.

तर एकदा एका मुलीच्या नडगीचा तुकडा आला. विशीतली पोर, धावण्याच्या शर्यतीतली. पाय दुखतो म्हणायची. आई म्हणायची, "नाटकं पुरे, पळायला जा." एके सकाळी रस्त्यावर पळताना पाय मोडला, ती कोसळली आणि मागून ट्रक आला. तो तुकडा आईनेच तपासायला दिला होता. पोरीचा पाय खरंच दुखत होता का, एवढंच तिला हवं होतं.

दुखऱ्या जागेची चकती एकच निघाली. पुढची बाजू कळावी म्हणून साडूने नेहमीसारखी कडेला कानशीने खाच पाडली आणि घासायला घेतली. तेवढ्यात मेहुणीबाईंचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन. फोन खांद्याने कानाशी धरला, हात चालूच. बोलणं संपलं तेव्हा पेपरवर नुसता पांढरा चिखल. चकती घासून संपली होती.

साहेब कडक. त्याने सरावासाठी ठेवलेल्या जुन्या हाडाची चकती काचेवर लावली, बिनखाचेची. मनाशी म्हणाला, हाड चांगलं दिसेल, आईच्या जिवाला तेवढीच शांतता. स्वतःची चूक झाकताना माणसाला दुसऱ्याचं भलं किती सुचतं बघा.

निकाल शुक्रवारी सकाळी सांगायचा होता. गुरुवारी रात्री जेवताना त्याला आठवलं, काचेवर चिठ्ठी डकवायची राहिली. फेब्रुवारी महिना, रात्रीचे पावणेबारा. किल्ली घेऊन एकटाच गेला. चिठ्ठी डकवली. सहज म्हणून भिंगाला डोळा लावला.

तंतूंचा गुंता.

त्याने डोळे चोळले. काच फिरवली. गुंताच… आणि कडेला खाच. त्याच्या हातची.

तेवढ्यात बोळात कोणीतरी पळत आलं.

एक पाऊल नीट. दुसरं… फरफटत.

एक नीट. एक फरफटत.

दाराशी थांबलं नाही. आत आलं. त्याच्या मागून गेलं. मोरीपाशी, जिथे त्या पांढऱ्या चिखलाचा ट्रे तसाच पडला होता, तिथे थांबलं.

साडूने मागे पाहिलं नाही. डोळा भिंगालाच.

"दुखत होतं…"

बस. एवढंच.

मग काही नाही…

उजाडेपर्यंत तो तसाच बसला होता. उजेडात बघितलं तर चकती पुन्हा शिस्तीतली, खाच नाही. ट्रे मात्र कोरडा, लख्ख.

साहेबांची वाटही न बघता तो त्या आईच्या घरी गेला. नोकरी गेली तर गेली, म्हणाला. दारातच सगळं सांगून टाकलं. चकती कशी संपली, दुसरी कशी लावली, सगळं.

बाई शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "दुखत होता तिचा पाय. कळलं मला."

"कोणी सांगितलं?"

ती दारातून बाजूला झाली.

आतल्या फरशीवर पावलं होती. पांढऱ्या, वाळलेल्या चिखलाची. डावं स्वच्छ उमटलेलं, उजव्याची नुसती रेघ. दारापासून तिच्या पलंगापर्यंत.

परत येणारं एकही नव्हतं.