अर्ध्या माणसाचा श्वास

पिंगळा यानाच्या हरितकक्षात मुगाची पानं पुन्हा पिवळी पडली होती.

कमळजा शिंत्रे वाफ्याकाठी गुडघे टेकून बसली आणि तिने एकेक पान उलटून पाहिलं. कीड नव्हती, बुरशी नव्हती. पाणी वेळेवर होतं, दिवे वेळेवर होते, मुळं दुधासारखी पांढरी होती. तरी रोप असं उभं, जशी उपाशीपोटी जात्यावर बसलेली बाई. हात फिरतो आहे, पण पीठ पडत नाही.

हरितकक्षाला सगळे रानच म्हणत. शनीच्या एका हिमचंद्राकडे निघालेल्या या यानात आठ माणसं होती. चार जागी, चार शीतनिद्रेत. निजलेल्यांचं अंग थंडगार, श्वास नावापुरता, भूक नाहीच. जागलेल्या चौघांचं पोट आणि श्वास दोन्ही या रानावर चालत. मूग, चवळी, नाचणी, मेथी, अळू, वांगी, लसूण, मिरची. त्यापलीकडे खायला काही नव्हतं, आणि कमळजाला त्याची उणीवही वाटत नव्हती. तिच्या हातचं भरलं वांगं खाऊन कुणी दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणखी सात महिन्यांनी उतरणीचे दिवस येणार होते. तीन आठवडे आठही माणसं जागी, दिवसाचे अठरा तास काम, चूल पेटवायला कुणाला सवड नाही. म्हणून गेलं वर्षभर कमळजा रोज थोडं जास्तीचं रांधत होती. नाचणीची खिचडी, मुगाचं पिठलं, चवळीची उसळ, अळूचं फदफदं, दुमडून ठेवलेली थालीपिठं. डबे भरायचे, वर चिठ्ठी लावायची, ‘पागेबाई, तिखट कमी’, ‘सुहास, लसूण जास्त’, आणि गोठणकोठीत रचून ठेवायचे. फ्रीझरचं दार आता खांद्याने रेटल्याशिवाय लागत नसे.

रांधताना ती स्वतःशीच गुणगुणे:

*दळिते मी बाई, उद्याच्या गं भाकरीला*
*आजची गं भूक, उभी राहिली दाराला*

सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या अंबूच्या नावाच्या होत्या. अंबिका, तिची धाकटी बहीण, उतरणयंत्राची अभियंता. शीतनिद्रेची मर्यादा तीन वर्षांची. अंबूची तीन वर्षं अकरा दिवसांत भरत होती.

कॅप्टन निवेदिता पागे स्वयंपाकघरात आल्या, त्या बसल्याच नाहीत. त्यावरूनच कमळजाला कळलं.

“अंबूला उठवायचं नाही, असं ठरवलंय मी.”

“पागेबाई, तिची मुदत संपतेय.”

“माहीत आहे. पण रान उतरत चाललंय. पीक गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आलं. चौघांनाच पुरत नाही, त्यात पाचवं तोंड कुठून भरू? फ्रीझर म्हणशील, तर ते उतरणीसाठी आहे. ते आताच संपवलं तर तेव्हा आठ जण काय खातील? तिची निद्रा सात महिने वाढवू.”

“मुदतीनंतर किती जण उठतात?”

पागेबाईंनी ओट्यावरचा कण बोटाने टिपला. “दहातले सात.”

“आणि तीन?”

“कमळ, मला का छळतेस? चार जण जागे आहेत आणि त्यांना श्वास घ्यायचाय. रान मेलं तर अंबूसकट सगळेच गेलो.”

“रान मरणार नाही. मी आहे ना.”

“आहेस, म्हणून तर इथवर आलो,” पागेबाई म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाजही थकलेला होता.

त्यानंतर कमळजाने काय करावं? तिच्या आईने, आजीने जे केलं असतं तेच केलं. आणखी रांधलं. फ्रीझर इतका भरू, की पाचव्या तोंडाला नाही म्हणायला पागेबाईंना जागाच उरू नये. नाचणीची कणसं थोडी आधीच खुडली. मेथीचे देठही वाया घालवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पानं आणखी पिवळी दिसली, म्हणून तिने आणखी खुडलं. वाळून जाण्याआधी वाचवू, एवढंच तिला सुचत होतं. पाठ दुखे, डोळ्यांपुढे अंधारी येई. ओट्याला टेकून ती क्षणभर थांबे आणि पुन्हा लागे.

मुदतीला चार दिवस उरले असताना सुहास तिरपुडे रानात आला. यानाची हवा त्याच्याकडे. भंडाऱ्याकडचा, कमी बोलणारा, पण बोलला की खुंटा ठोकल्यासारखा.

“ताई, एक विचारू? रागावू नका.”

“राग यायला अंगात ताकद लागते रे. विचार.”

“चार माणसं रोज किती उच्छ्वास सोडतात हे माझं यंत्र मोजते. चौघांचा यायला पाहिजे. येतो साडेतिघांचा.”

“यंत्र बिघडलं असेल.”

“तीनदा तपासलं. अर्ध्या माणसाचा श्वास हरवलाय या यानात.” तो तिच्या मनगटाकडे पाहत राहिला. बांगडी कोपरापर्यंत सरकली होती. “तुम्ही जेवता किती?”

कमळजा हातातलं खुरपं पुसत राहिली. “जेवते की. सगळ्यांचं झाल्यावर.”

“पूर्ण?”

“निम्मं. निम्मं डब्यात ठेवते. मला तेवढं पुरतं.”

सुहास मटकन वाफ्याच्या कडेवर बसला. कपाळावर हात मारून घेत म्हणाला, “मी किती येडा आहे! वर्षभर कौतुक करून राहिलो, का हवा इतकी स्वच्छ कधीच नव्हती म्हणून. कर्बवायू वाढला का घंटा वाजते, कारण माणूस गुदमरते. कमी झाला तर वाजत नाही. तशी घंटा कुणी लावलीच नाही!”

“नीट सांग. मला वनस्पती कळतात, तुझी हवा नाही.”

“पागेबाईंनाही बोलवा. एकदाच सांगतो.”

तिघं मुगाच्या वाफ्याशी उभी राहिली. सुहासने एक पिवळं पान धरलं.

“यानात बाहेरून काही येत नाही. येताना आणला तेवढाच कर्ब फिरत राहते. मूग तो हवेतून ओढते, त्याचा दाणा होते. दाणा आपण खातो आणि श्वासातून कर्ब हवेत परत सोडतो. त्यावर पुढचा मूग. बंदिस्त श्वासचक्र. बरोबर?”

“शाळेत शिकवतात हे,” पागेबाई म्हणाल्या.

“मग सांगा, फ्रीझरमधली खिचडी श्वास सोडते का?”

कमळजाच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

“वर्षभर रोज थोडा कर्ब त्या कोठीत जाऊन बसला,” सुहास हळू आवाजात म्हणाला. “सुरुवातीला मातीतलं खत कुजत होतं, त्याने निभलं. ते संपलं. आता या रोपांना पाणी आहे, उजेड आहे, पण खायला हवा नाही. मूग उपाशी आहे, ताई. त्याचं जेवण डब्यात आहे.”

“माझ्यामुळे,” कमळजा म्हणाली. “मी जितकं साठवलं तितकं रान वाळलं. रान वाळलं म्हणून मी आणखी साठवलं. आणि रान वाळलं म्हणून अंबू...”

पागेबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्यांचं डोकं पुढे धावत होतं. “मग ते डबे कचराभट्टीत जाळू. हवेत जाईल सगळं.”

“जाईल. थोडं थोडं जाळलं तर चालेल.”

“म्हणजे भट्टीने जाळलं काय आणि माणसाने खाल्लं काय, एकच?”

“रानाला एकच. फक्त भट्टी ढेकर देत नाही.”

पागेबाई हसल्या नाहीत. त्या पिवळ्या वाफ्यांवरून नजर फिरवत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “मी उलटं केलं. माणसं कमी जागी ठेवली तर रान वाचेल, असं धरून बसले. त्याला तोंडं जास्त झालेली नाहीत.”

“कमी पडतायत,” सुहास म्हणाला.

जागलेल्यांतले चौथे, डॉक्टर इनामदार, यांना निरोप गेला. मुदतीच्या तीन दिवस आधी अंबूला उठवलं. दोन दिवस ती नुसती कण्हत होती. तिसऱ्या दिवशी, घोंगडीत गुंडाळलेली, स्वयंपाकघरात टेकून बसवली, तेव्हा तिच्यापुढे स्वतःच्या नावाचा डबा होता. दुसरा एक डबा सुहासने कमळजापुढे ठेवला.

“मी नंतर...”

“नंतर नाही. आत्ता, अख्खा. रानाची कामगिरी आहे ही.”

निम्म्याची सवय झालेल्या पोटाला अख्खा डबा जड गेला. कमळजा एकेक घास औषधासारखा गिळत होती. थालीपिठातली मेथी अजून चांगली होती, हे तिला नवलाचं वाटलं. वर्षभरात तिने स्वतःचं रांधलेलं चवीने खाल्लंच नव्हतं.

“ताई,” अंबू खरखरत्या आवाजात म्हणाली, “मीठ कमी आहे.”

“वर्षापूर्वीचं आहे ते.”

“मग वर्षापूर्वी कमी पडलं असेल.”

इनामदार हसले आणि कमळजाचे डोळे भरून आले. तिने ते पदराने नाही, थालीपिठाच्या हातानेच पुसले आणि तिखट लागलं म्हणून पुन्हा पुसले.

“पण उतरणीला काय खाणार?” तिने न राहवून विचारलं. “कोठी तर रिकामी होणार.”

“रोजचं रोज,” पागेबाई म्हणाल्या. “पाळीपाळीने रांधू. करपवू, कच्चं ठेवू. या यानात उद्याचं आज करून ठेवायची सोयच नाही. आणि उरलेल्या तिघांनाही पुढच्या आठवड्यात उठवतेय.”

अंबूने डब्याची कड बोटाने निपटली. “अजून आहे का गं?”

वर्षभर याच प्रश्नाच्या भीतीने कमळजा राबली होती. ती सवयीने उठायला गेली, पण तोवर पागेबाई फ्रीझरच्या दाराला खांदा लावून उभ्या होत्या.

“बस तू,” त्या म्हणाल्या. “तुझं अजून अर्धं राहिलंय.”

कमळजा बसली आणि जेवू लागली.