रेघ

गाडीत पाणी कुठून शिरतं ते शोधायची माझी रीत साधी आहे. दारांच्या रबरावर खडूची पूड मारायची. एकाने बाहेरून पाइप धरायचा, दुसऱ्याने आत बसायचं. पूड भिजेल तिथे भोक. वीस वर्षांत ही रीत खोटी पडली नाही.

ताईच्या गाडीचा मागचा गालिचा पिळला तर अर्धी बादली भरली. पावसाचा मात्र पत्ता नव्हता.

"एक नंबर गाडी म्हणून माझ्या गळ्यात मारलीत ना दोघांनी? ठमीचे मोजे रोज ओले! पोरगी मागे बसते की डबक्यात?"

दादाने पाइप धरला, मी आत बसलो. अर्ध्या तासानंतरही पूड ठणठणीत कोरडी. गालिचा माझ्या पायाखाली भिजत होता.

दाराच्या अस्तरावर घोट्याच्या उंचीवर एक आडवी, गढूळ रेघ होती. ती मी ओळखली. आम्ही स्वस्तात घेतली ती गाडी नदीतून काढलेली. तेव्हा अशीच रेघ छताखाली होती, मीच ती ब्रशने घासून काढली. मागच्या सीटचा पट्टा बकलापासून चार बोटांवर कापलेला होता. तो बदलला. का कापला, हे दोघांनीही विचारलं नाही. सख्ख्या बहिणीला गाडी विकताना तोंडात मिठाची गुळणी धरली. असले आम्ही भाऊ.

"दादा, ताईला सांगून टाकू."

"काय सांगशील? डाग आहे. पूस."

पुसला. त्या जागी खडूने खूण केली.

ठमीला शाळेत सोडायला जाताना ताई रोज गॅरेजवर गाडी दाखवून जायची. दुसऱ्या दिवशी रेघ खुणेच्या वीतभर वर. तिसऱ्या दिवशी सीटला टेकलेली. मी पुसायचो आणि गप्प बसायचो.

पाचव्या दिवशी सगळं बोललो.

ताई रडली नाही. म्हणाली, "माझी पोर आत आहे."

मी मागचं दार उघडलं. ठमी मान ताणून बसली होती. हनुवटी रेघेच्या बरोबर वर.

"ठमे, अशी का बसलीस?"

तिने डोळ्यांनी नुसतं वर पाहिलं. गाल फुगवलेले होते.

बक्कल दाबलं. निघेना.

दादाला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो कात्री घेऊन आला.

मी पट्टा कापला. ताईने तिला ओढून बाहेर घेतलं, तेव्हा कुठे पोरीने श्वास सोडला.

उरलेला तुकडा सीटवर लोंबत होता. मी बोटं लावून पाहिली.

बकलापासून चार.