विहिरीवरच्या वेणूला वन्समोर

आधी ते मोबाईल खाली ठेवा. तोंडावर उजेड पाडून भुताची गोष्ट ऐकता येत नाही, आणि मला सांगताही येत नाही. आमच्या गुंडूच्या घरी घडलेलं सांगतोय, शिवाजी पेठेत, दोन हजार पंचवीसच्या एकतीस ऑक्टोबरला, शुक्रवारी. दिवाळी उरकली होती, तुळशीचं लग्न अजून व्हायचं होतं.

त्या संध्याकाळी गुंडू निघाला तो मंडपवाल्या दिलदारकडून प्रोजेक्टर आणायला. परदेशात भुतांचा सण असतो ना, हॅलोविन, त्यानिमित्त गुंडूच्या पोरीनं, निशिगंधानं, गच्चीवर सिनेमा ठेवला होता. 'विहिरीवरची वेणू'. चाळीस वर्षांपूर्वी आपल्या कोल्हापुरातच काढलेला आणि आठवड्यात गाशा गुंडाळलेला. त्यात माणूस मेलं की गाणं, भूत दिसलं की गाणं, भूत पळालं की पुन्हा गाणं. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आता म्हणे पोरं त्याची भक्त झालीत, संवाद आरतीसारखे पाठ म्हणतात. निशिगंधानं तर इन्स्टाग्रामवर सांगितलं होतं, हॅलोविनला दुसरं काही बघूच नका.

दिलदारनं प्रोजेक्टर गाडीवर बांधून दिला. "गुंडूभाऊ, स्वारी लई खुशीत हाय आज?"

"व्हय तर! आज पोरं आमच्या आईचं गाणं ऐकणार हाईत."

गुंडूची आई झुंबरबाई. सिनेमात वेणूचं भूत विहिरीच्या काठावर बसून गातं, तो गळा तिचा. नाव मात्र लागलं दुसऱ्याच बाईचं. पहिल्या खेळाला ती लहानग्या गुंडूला घेऊन थेटरात बसली होती. गाणं सुरू झालं आणि पब्लिक बोंबललं, "गाणं बास! भूत दावा!" झुंबरबाई तशीच उठली, पोराचा हात धरून घरी आली, आणि मरेपर्यंत भाकरी थापतानासुद्धा कधी गुणगुणली नाही. गुंडूनं हे शंभर जणांना सांगितलं. जो तो विचारतो, पुरावा काय? पालथ्या घड्यावर पाणी! आई गेली, तरी त्याचं सांगणं काही संपलं नाही.

तर गच्चीवर पांढरी चादर बांधली, पोरं जमली, सिनेमा लागला. रबरी हात दिसला की पोरं खिदळायची. गुंडूही हसला. मग विहीर आली. वेणू काठावर बसली, गाणं सुरू झालं, आणि सगळ्यांच्या हातात मोबाईल लकाकले. निशिगंधाचा मित्र आदर्श आळस देत म्हणाला, "हे पुढं ढकल की. लई रडकं हाय."

निशिगंधानं ढकललं. विहीर गेली आणि पडद्यावर मांत्रिक लिंबू कापायला लागला.

गुंडूचं टाळकं सटकलं. "अरं, माझी आई गातीया ती!"

"पप्पा, परत तेच सुरू करू नका की! आज्जीचं नाव कुठं हाय त्यात? मी चारदा बघितलो."

"नाव न्हाई म्हणून गळा बी दुसऱ्याचा झाला व्हय?"

एक पोरगी हळूच हसली. सिनेमा संपल्यावर सगळी रंकाळ्यावर आईस्क्रीम खायला गेली. बायको माहेरी, पन्हाळ्याला. पसारा आवरायला राहिला गुंडू एकटा, आतल्या आत धुमसत. स्वतःच्या पोरीनं ऐकू नये? मग सांगायचं तरी कुणाला, भिंतीला?

त्यानं सिनेमा मागं नेला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. मांडी घालून, पडद्यासमोर बसून, पूर्ण ऐकलं. गाणं संपलं तसा त्याचा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत एका माणसानं या बाईला दाद देऊ नये? त्यानं तोंडाशी हात धरले आणि पेठ जागी होईल असा ओरडला, "वन्समोर!"

लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं. गुंडूला स्वतःचंच हसू आलं. त्यानं लॅपटॉप मिटला, प्रोजेक्टरची वायर काढली आणि चादर सोडायला उठणार, तेवढ्यात चादरीमागून कुणीतरी श्वास घेतला.

आणि गाणं सुरू झालं.

पेटी नाही. तबला नाही. नुसता गळा.

गुंडूनं हाताकडं पाहिलं. वायर हातातच होती.

आवाज आईचाच होता. पण सिनेमातला तरणा नव्हे. शेवटच्या दुखण्यातला. घरघरता. दर ओळीला दम लागत होता... तरी गात होती.

झुंबरबाईच सांगायची, वन्समोर मागणाऱ्यानं गाणं संपेस्तोवर जागा सोडू नये. मागितलंस ना? मग बसून ऐक. गुंडूला हे पक्कं ठाऊक होतं. पण पाय ऐकतात होय? तो उठला. जिन्याकडं सरकला.

गाणं थांबलं.

ओळ अर्धीच...

वारा नव्हता. चादर हलत नव्हती. तो थांबला होता. तीही थांबली होती.

"आई...?"

...

घसा खाकरल्याचा आवाज आला. पडद्यामागून नाही. कानापाशी.

गुंडू जिना कसा उतरला, ते त्याला आजही सांगता येत नाही.

सकाळी निशिगंधा त्याच्या उशाशी आली. तोंड पांढरंफटक, हातात मोबाईल. "पप्पा... ऐका." लॅपटॉपमधला सिनेमा नव्हे हा. कुण्या परक्या माणसानं दहा वर्षांपूर्वी यूट्यूबवर टाकलेला. विहीर आली, वेणू आली, गाणं झालं. आणि गाणं संपता संपता कुणीतरी ओरडलं.

"वन्समोर!"

आवाज गुंडूचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमात, आजचा, पन्नाशीतला गुंडू. आदर्शनं त्याच्या मोबाईलवर लावून बघितलं. दिलदारनं त्याच्या. सगळीकडं तेच. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता त्या सिनेमाखाली रोज शेकडो लोक लिहितात. हा ओरडणारा कोण? हा आवाज आधी होता का? गुंडू रात्री चष्मा लावून बसतो आणि एक न् एक कमेंट वाचून काढतो. गाणारी कोण, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.