मोंगूचा सोयरा

चोल्वेच्या घरचा एक बैल हरवला. काळा, पोटावर पांढरा पट्टा, डावं शिंग जरा खाली झुकलेलं. दोन दिवस रानं पालथी घालून तिचा भाऊ दमला, तेव्हा चोल्वेनं बैलाचा फोटो गुराढोरांच्या फेसबुक ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘चोमाच्या आसपास कुणाला दिसल्यास कळवावे.’

पहिलं उत्तर आलं ते सातशे किलोमीटरवरून, मोंगूहून.

‘शोधू नका. बैल आमचाच आहे. माझ्या आजोबांनी तुमच्याकडे चरायला सोडला होता, तो आता आपल्या पायांनी घरी निघालाय. गुरुवारपर्यंत पोचेल.’

लिहिणाऱ्याचं नाव होतं लिकांदो. म्हणजे लोझी, पश्चिमेकडच्या नदीकाठचे, मासे मारणारे, स्वतःचा राजा असलेले लोक. आणि चोल्वे टोंगा, दक्षिणेकडच्या गुरं पाळणाऱ्यांतली. हे दोन्ही थट्टेचे सोयरे. कधीकाळी लोझी लोक टोंगांची गुरं हाकून नेत. ते वैर मुरत मुरत गेलं आणि त्याची चेष्टा होऊन बसली. आता बसमध्ये, बाजारात, अगदी मयताच्या अंगणातसुद्धा एक सोयरा दुसऱ्याला वाटेल ते बोलतो आणि दुसऱ्यानं रागवायचं नसतं. रागावला तो हरला.

चोल्वे हरणारी नव्हती. तिनं लिहिलं, ‘पोचला तर आंघोळ घालून परत पाठवा. आमच्या गोठ्यात माशांचा वास चालत नाही.’

बैल तिसऱ्या दिवशी शेजारच्या मक्यात सापडला. पण बोलणं काही थांबलं नाही. ते ग्रुपवरून व्हॉट्सॲपवर आलं, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आलं, आणि मे महिना लागेपर्यंत चोल्वेला सकाळी उठल्या उठल्या फोन बघायची सवय जडली.

ती दूध संकलन केंद्रात कामाला होती. शेतकरी सायकलींवर कॅन लादून आणत आणि ही प्रत्येकाच्या दुधात काचेची तरंगती नळी सोडून पाणी मिसळलंय का ते बघे. लिकांदो मोंगूच्या धक्क्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. सध्या मात्र बहिणीच्या घरी पडून होता. त्याला टीबी झाला होता. हे त्यानं दुसऱ्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, तेही कसं —

‘सोयरीणबाई, रोज गोळ्या गिळतो. त्यांनी लघवी शेंदरी होते. राजघराण्याचा रंग आहे तो, तुला नाही कळायचं.’

‘तुमच्याकडे सगळेच राजघराण्यातले. मग नांगर कोण धरतं?’

‘टोंगा.’

चोल्वे हसली. मग तिला वाटलं, किती सहज सांगितलं यानं... तिला का नाही जमत?

कारण चोल्वेही रोज गोळी घेत होती. दोन वर्षं. वडील गेले तेव्हा ती रडली, सावरली, कामाला लागली. आणि वर्षभरानं, काही कारण नसताना, एका सकाळी तिला अंथरुणातून उठताच येईना. महिना गेला तरी येईना. मग मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी उदासीवरची गोळी सुरू केली आणि हळूहळू ती माणसांत आली. आता बाई ती गोळी कमी करत होत्या. आधी पाऊण, मग अर्धी. “घाई नाही करायची,” त्या म्हणाल्या होत्या. “शरीराला सवय झालीय. सवय अशी एकदम तोडली तर ते चिडतं.”

घरात सगळ्यांना माहीत होतं. आणि तेच चोल्वेला नकोसं झालं होतं. ती खोलीत आली की भाऊ रेडिओ बारीक करी. हातात बादली घेतली की आई म्हणे, “राहू दे गं बाळा, तू बस.” पूर्वी हीच आई तिला अंगणाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी रागवायची. आता घरातलं कुणीच तिच्याशी मोठ्यानं बोलत नव्हतं.

एक मोंगूचा सोयरा तेवढा बोलत होता. त्याच्या थट्टेत ती धडधाकट होती. ही एक जागा तिला गमवायची नव्हती. त्याला गोळीचं कळलं की तोही मऊ बोलायला लागेल, याची तिला धास्ती होती.

जून लागला, म्हणजे तिकडचा हिवाळा. थंडी पडली. एका सकाळी त्याचा आवाजी निरोप आला. मध्ये खोकला, मग धापा, मग हसू.

“तुम्ही टोंगा म्हणजे निव्वळ बैल गं. तुला बघ, कधी डोकंसुद्धा दुखलं नसेल. दुखलंय का?”

चोल्वेनं ‘हो’ लिहिलं, खोडलं. मग लिहिलं, ‘कधीच नाही.’

आणि लिहिलेलं खोटं तिला टोचायला लागलं. ते खरं करायचा एकच मार्ग तिला दिसला. ती आता बरीच होती, हसत होती, जेवत होती. अर्ध्या गोळीचं ते काय... तिनं पाकीट कपड्यांच्या तळाशी ठेवून दिलं. बाईंना सांगितलं नाही, आईलाही नाही.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात बारीक झटका बसायला लागला, ओल्या हातानं बटण दाबल्यावर बसतो तसा. चौथ्या दिवशी जमीन नावेसारखी हलायला लागली. स्वप्नं अशी पडत की उठल्यावर तीच खरी वाटावीत. पाचव्या दिवशी केंद्रात तिनं नळीवरचा आकडा चुकीचा वाचला आणि म्हाताऱ्या हामूंडेंचं चांगलं दूध पाणी मिसळलंय म्हणून परत पाठवलं. म्हाताऱ्यानं टोपी काढली, कॅन सायकलवर बांधला आणि गेला. चाळीस वर्षं गुरं पाळणारा माणूस. केंद्रातल्या दुसऱ्या मुलीनं बाजूला काढलेल्या त्याच्या नमुन्यात पुन्हा नळी सोडली तेव्हा चूक कळली. तोवर म्हातारा वळणापार गेला होता.

चोल्वे केंद्रामागच्या भिंतीला टेकून बसली. तिनं लिहिलं,

‘सोयऱ्या, मी मरतेय बहुतेक.’

लगेच उत्तर आलं.

‘उत्तम. मयताची तारीख कळव. आम्ही सहकुटुंब येऊ. बैल मोठा कापा, जीभ माझ्यासाठी ठेव.’

त्याची चूक नव्हती. सोयऱ्यानं असंच म्हणायचं असतं. दुसरा कुणी असता तर त्यानं ‘काय झालं?’ असं विचारलं असतं. सोयऱ्याला ते सुचूच नये, अशीच ही रीत. चोल्वेला हे सगळं समजत होतं, तरी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते थांबेना. तिनं फोन बंद केला.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं आणि त्याच दुपारी आई तिला इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. अर्धी गोळी पुन्हा सुरू झाली. “आता इथून उतरू ते अगदी मुंगीच्या पावलानं,” त्या म्हणाल्या. “वर्ष लागलं तर लागू दे. आणि हे बघ, यात तू कुठे कमी पडलीस असं काही नाही. शरीर चिडलं, एवढंच.”

आठवड्यानं झटके विरळ झाले. चोल्वे हामूंडेंच्या घरी जाऊन गुडघे टेकून माफी मागून आली. म्हाताऱ्यानं तिला ताक पाजलं. परत येताना वाटेत एका दगडावर बसून तिनं फोन उघडला. लिकांदोचे एकोणीस निरोप होते. पहिले पाच थट्टेचे. मग ‘सोयरीणबाई?’ मग नुसतंच ‘चोल्वे?’

तिनं सगळं लिहून टाकलं. अंथरूण, गोळी, झटके, ‘कधीच नाही’ हे खोटं, म्हाताऱ्याचं दूध. थट्टेचा एक शब्द नाही. पाठवलं, आणि घरी येईपर्यंत फोनकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी उत्तर आलं.

‘चोल्वे, कळवल्याबद्दल आभारी आहे. मी फार चुकीचं बोललो. कृपया क्षमा करावी. तुम्ही विश्रांती घ्या.’

तुम्ही. कृपया.

पुढे रोज तेच. ‘जेवलात का?’ ‘औषध घेतलंत ना?’ ‘थंडी आहे, जपा.’ चोल्वे वाचायची आणि फोन पालथा ठेवायची. घरात आई, भाऊ, काका अशी तीन माणसं हळू बोलणारी होती, आता चौथा मिळाला. नवव्या दिवशी दुपारी, कॅन धुऊन झाल्यावर, तिनं पहिल्यांदाच त्याला सरळ फोन लावला.

“हॅलो... तुम्ही बऱ्या आहात ना?”

“गुरं चोरणारे ‘कृपया’ कधीपासून म्हणायला लागले?”

पलीकडे दूर कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

“चोल्वे, मी तुझ्या मयताला जेवायला येतो म्हणालो. त्याच दिवशी. तुझं काही बरंवाईट झालं असतं तर... मी बहिणीला सांगितलं, तर तिनंही तोंड फिरवलं माझ्याकडून.”

“तुला ठाऊक नव्हतं.”

“नव्हतं. पण आता आहे. आता तोंडच उघडत नाही माझं.”

“मग ऐक. आमच्या घरात मी आले की रेडिओ बारीक होतो. मला बादली उचलू देत नाहीत. मी काचेची आहे असं सगळ्यांनी ठरवलंय. तू एकटा होतास, जो... आता तूही?”

“मग काय करू मी?”

“मला काहीतरी वाईट बोल.”

“नाही जमत गं.”

“मग ठेवते फोन.”

“थांब.” त्यानं घसा खाकरला. “तुझ्या डोक्यात विजेचे झटके येतात म्हणालीस ना?”

“हो.”

“इकडे दिवसाचे बारा तास वीज नसते. नऊ दिवस झाले, मी बर्फाचं पाणी प्यायलो नाही. आणि तू एकटीच वापरतेस? एक तार पाठव की इकडे. कंजूष टोंगा.”

चोल्वे हसली. अशी हसली की धुतलेला कॅन आडवा झाला, आणि आतून कुणीतरी “काय झालं?” म्हणून धावत आलं.

“हसतेस की रडतेस?” त्यानं विचारलं.

“दोन्ही.”

“मीसुद्धा,” तो म्हणाला. “पण मी राजघराण्यातला, मला दाखवता येत नाही.”

त्यानंतर ते रोज फोनवर बोलायला लागले. तो मेपासूनच तिला ‘बायको’ म्हणत होता. पण प्रत्येक लोझी पुरुष प्रत्येक टोंगा बाईला बायको म्हणतो, त्यात काय... आता मात्र तो शब्द उच्चारण्याआधी अगदी किंचित थांबायचा. तेवढं थांबणं चोल्वेच्या ध्यानात राहायचं. दिवसभर.

सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या गोळ्या संपल्या. छातीचा फोटो स्वच्छ आला. “मी निघालोय,” तो म्हणाला. “लिव्हिंगस्टोनवरून येणाऱ्या बसनं. शनिवारी.”

बसमधून उतरला तो लांब, काटकुळा, कॉलर गळ्याभोवती सैल झालेला एक माणूस. चोल्वे क्षणभर बघतच राहिली. त्याचे डोळे त्याच्या आवाजासारखेच होते... आधी हसणारे, मग जरासे थांबणारे.

“तू तर उंच आहेस,” तो म्हणाला. “फोनवर बुटकी वाटायचीस.”

“आणि तू जाड वाटायचास.”

घरी त्यानं अंगणात पाऊल टाकताच भावाची खोड काढली, काकाच्या टोपीला नावं ठेवली, कोंबड्यासुद्धा सोडल्या नाहीत. सगळे पोट धरून हसत होते. चोल्वे वाढायला उठली आणि मडकं हातात असतानाच तो झटका आला, बऱ्याच दिवसांनी. जमीन हलली. तिनं मडकं खाली ठेवून खांब धरला. हसणं तुटलं. भावानं रेडिओकडे हात नेला. आई अर्धी उठली. “राहू दे गं बाळा...”

लिकांदो जागचा हलला नाही. तिच्याकडे बघत, नेहमीच्या आवाजात म्हणाला, “सावकाश. आम्हाला उशिरा वाढलेलं चालतं. गरम आमटीनं जीभ भाजते, आणि मग तुमची निंदा कशी करायची?”

चोल्वेनं श्वास घेतला. एक... दोन. झटका ओसरला. तिनं मडकं उचललं आणि सगळ्यांना वाढलं. शेवटी त्याला, मुद्दाम थोडं कमी.

आई परत खाली बसली. त्याच्याकडे नवीन माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

जेवणं झाली. लिकांदोनं हात धुतले, सदरा नीट केला आणि आईसमोर येऊन चटईवर दोन्ही गुडघे टेकले. मान खाली घातली. आणि टाळ्या वाजवायला लागला. सावकाश, पोकळ तळव्यांनी, एक शब्द न बोलता. त्याच्या मुलखात थोरांपुढे, खऱ्या मागणीसाठी हात असे वाजतात. यात थट्टा बसत नाही.

काकाच्या तोंडावरचं हसू मावळलं. अंगणात फक्त ते तळवे वाजत होते.

आईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. चोल्वे उभी होती, ओले हात तसेच.

“अगं, बोल की,” आई म्हणाली. आवाज अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेला. “तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय? त्या पोराचे गुडघे मोडायचेत का तुला?”

दोन वर्षांत आई पहिल्यांदा अशी ओरडली होती. चोल्वेला हसू आलं. तिनं हात पुसले. त्याच्या शेजारी चटईवर गुडघे टेकले. आणि आईकडे बघत, त्याच्या ठेक्यात ठेका मिळवून, तीही टाळ्या वाजवायला लागली.