दाराला आतून कडी

लिफ्टचं दार मागे बंद झालं आणि तिला पुन्हा तेच जाणवलं. समोर कुणीतरी होतं. पाऊल वाजलं नव्हतं, कुणी खाकरलं नव्हतं, तरी व्हरांड्यातून येणारा वारा मध्येच कशालातरी अडत होता.

या घरात अशा वेळी विचारायचं नाही, हे ती शिकली होती. विचारलं तर उत्तर येत नसे, आणि मग रात्र खायला उठे. त्या दिवशी मात्र तोंडातून निघूनच गेलं, "कोण आहे?"

"मी," आवाज आला. "नवा आहे. चाक उंबऱ्यात अडकलंय. हाक मारावी की नाही, याच विचारात होतो."

तिच्या हातून काठी सुटली. वर्षभरात पहिल्यांदाच त्या शांततेतून उत्तर आलं होतं.

"काठी तुमच्या डाव्या पायाशी पडलीय," तो म्हणाला. "मी उचलली असती, पण मी खुर्चीत आणि खुर्ची उंबऱ्यात. आपण दोघं मिळून एक धड माणूस होऊ बहुतेक."

"मी धडच आहे," ती काठी उचलत म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

तो मोकळेपणाने हसला. तिने खुर्चीला मागून रेटा दिला. चाक सुटलं, आणि का कोण जाणे, तिच्या छातीवरचंही काहीतरी थोडं हललं.

तो शिंपी होता. लहानपणीच पाय गेले होते, पण हाताने चालवायच्या मशीनवर त्याने कितीतरी लग्नांचे कपडे शिवले होते. त्याला सांभाळणारी मोठी बहीण वारली आणि तो इथे, अपंगांच्या निवासगृहात, आला. तीही अशीच आली होती, दादाचं लग्न झाल्यावर. लहानपणी तापात तिची नजर गेली होती. ती वीज कंपनीच्या तक्रार कक्षात दिवसभर फोन घेई. तिथे लोक तिला बाई म्हणत, मॅडम म्हणत. इथे मात्र तिशीला टेकली तरी ती सगळ्यांची 'छोटी' होती. शिंप्याने तिला एकदाही छोटी म्हटलं नाही.

घर तसं लखलखीत होतं. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, आंघोळ वेळेवर. सगळा कारभार मोठ्या ताईंचा. त्यांचा आवाज इतका मऊ की कापसात गुंडाळून ठेवल्यासारखा वाटे. खोल्यांच्या दारांना आतून कडी नव्हती. काही कमीजास्त झालं तर, असं ताई म्हणत.

आणि तिच्या खोलीत कुणीतरी येत असे. बहुतेक सुट्टीच्या दुपारी. ती केस विंचरत असे, कपडे बदलत असे, आणि एकाएकी अंगावर काटा येई. खोलीतली हवा भरल्यासारखी होई. ती गारठून तशीच उभी राही. कधी उशाशी ठेवलेला कंगवा नंतर खिडकीत सापडे. तिने ताईंना सांगितलं. ताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, भास होतात गं एकटेपणात, म्हणाल्या आणि डॉक्टरांकडून गोळी सुरू केली. शेजारच्या खोलीत मास्तर होते, लकव्याने जीभ जड झालेले. ते म्हणाले, तुझ्या आधी त्या खोलीत एक बाई होत्या, तिथेच गेल्या, त्यांना जागा सोडवत नसेल. तेव्हापासून ती पलंगाच्या एका कडेला सरकून बसू लागली. आलीच बिचारी, तर बसायला जागा असावी.

शिंपी व्हरांड्याच्या टोकाला मशीन मांडून बसे. कामावरून आली की ती तिथे रेंगाळू लागली. तो तिच्या हातात चिंध्या देई आणि ओळखा म्हणे. ती बोटांनी कापड चाचपे – हे मलमल, हे तागाचं... आणि हे? हा माझा हात, तो म्हणे, चुकून आला. असे त्याचे हात पुष्कळदा चुकत.

एका धुक्याच्या सकाळी तिने धीर करून विचारलं, "पिवळा रंग मला शोभतो का हो?"

मशीन थांबलं.

"कुठला पिवळा?"

"हा काय, अंगातला."

तो हळूच म्हणाला, "खरं सांगू? राखाडी आहे. कालचाही राखाडीच होता. इथे सगळ्यांचे कपडे कापडाच्या एकाच ठाणातून फाडलेत."

रोज सकाळी सेविका सांगायची – आज पिवळा हं छोटी, आज हिरवा. नजर गेली तरी रंग तिला आठवत होते. ती त्या रंगांत स्वतःला बघत, खुशीत कामावर जात होती. आता पायाखालची फरशीही खरी आहे की नाही, असं तिला झालं.

"माझ्या खिडकीबाहेर बाग आहे ना?" तिने विचारलं.

"त्या बाजूला भिंत आहे," तो म्हणाला.

धुकं नाकातोंडात शिरल्यासारखं तिला वाटलं. मग पुसट आवाजात ती म्हणाली, "तुम्ही तरी... आहात ना?"

"चिमटा काढून बघा."

तिने काढला, आणि चांगला काढला. तो कळवळला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मग तिने त्याला खोलीतल्या त्या येण्याबद्दल सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने स्वतःचं सांगितलं. आंघोळीच्या वेळी दार सताड उघडं असतं. दोघं सेवक त्याला उचलतात आणि त्याच्या डोक्यावरून भाजीच्या भावाच्या गप्पा मारतात. त्याने थंडी वाजतेय म्हटलं, तर एक सेवक दुसऱ्याला म्हणाला, याला थंडी वाजतेय म्हणे. त्याने हे विनोदासारखं सांगितलं, पण आवाज कोरडा पडला होता.

"एक कळत नाही," तो म्हणाला. "भुताला कडी आडवी येत नाही. मग इथल्या कड्या कुणासाठी काढल्या?"

पुढच्या सुट्टीच्या दुपारी ती पलंगावर बसली होती. गोळी तिने घेतली नव्हती. हवा भरत आली. अंगावर तोच काटा. कुणीतरी अगदी हळू श्वास घेत होतं, ऐकू जाऊ नये इतका हळू. ती उठली. हात पुढे करून त्या श्वासाच्या दिशेने चालत गेली. श्वास थांबला. आणखी एक पाऊल... आणि तिच्या बोटांना एक गाल लागला. ऊबदार, जिवंत. वर चष्म्याची काडी. चेहरा हलला नाही. तिच्या बोटांखाली तो तसाच, शांत उभा होता.

"घाबरू नकोस," कापसातला आवाज आला. "मीच आहे."

मोठ्या ताई समजुतीने सांगत राहिल्या. मी सगळ्यांकडेच येते. तुम्ही नीट आहात ना बघते. आवाज केला की तुम्ही अवघडता, म्हणून बोलत नाही.

"मी कपडे बदलत असतानाही?"

"अगं, आईपुढे कसली लाज."

"बाहेर जा," ती म्हणाली. "पुन्हा यायचं असेल तर दार वाजवा. मी म्हटलं तरच या."

चारच दिवसांत दादा आला. ताईंनी त्याला फोन करून सांगितलं होतं की छोटी हाताबाहेर गेली आहे आणि तो शिंपी तिला बिघडवतोय. शिंप्याला तळमजल्यावर हलवलंही होतं. दादाने समजावलं, ताईंना तुझं भलं जास्त कळतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, वहिनी कपडे बदलत असताना तुमच्या खोलीत कुणी गुपचूप येऊन उभं राहिलं असतं, वर्षभर, तर तू काय केलं असतंस?"

दादाची मान खाली गेली असावी. त्याचा आवाज जमिनीकडून आला, "मला हे माहीत नव्हतं गं."

"मी परवानगी मागत नाही, कळवतेय. मी तक्रार केली आहे."

तक्रार कशी करायची, कशी लावून धरायची आणि 'बघतो' म्हणणाऱ्याला पुन्हा फोन कसा करायचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. समाजकल्याण खात्याच्या अधिकारी बाई आल्या. त्या दार लावून, एकेकट्याशी बोलल्या. तेव्हा जे बाहेर आलं त्याने ती हादरली. सगळ्यांनाच खोलीत कुणीतरी आल्याचं जाणवत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, भास फक्त आपल्यालाच होतो. मास्तर तर लहान मुलासारखे रडले. त्यांनी मेलेल्या बाईची गोष्ट रचली होती ती स्वतःला धीर द्यायला.

मोठ्या ताईंना जावं लागलं. जाताना त्या म्हणाल्या, मी तुमच्यावर पोटच्या पोरांसारखी माया केली. ते खोटं नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि भीती त्याचीच वाटत राहिली. मग सुतार आला. दारांना आतून कड्या बसल्या. कपडे आणण्याआधी आता प्रत्येकाला विचारलं जाऊ लागलं.

पहिल्या दुपारी ती कडी लावून बसली. खोली खरोखर रिकामी होती. तिने पाय पसरले, मोठ्याने गाणं म्हटलं, बेसूर. मग तिला कुणाची तरी आठवण आली आणि ती तळमजल्यावर गेली.

शिंपी सामान बांधत होता. बाजारात रस्त्याला लागून दुकानाची जागा मिळाली होती, मागे राहायची सोय. मदतीचा माणूस मी निवडणार, तो सांगत होता, माझ्या शब्दाने चालेल असा. ती ऐकत राहिली.

"जागा जरा मोठीच आहे," तो म्हणाला. "एकट्याला... अंगावर येईल."

"ही मागणी आहे की भाडेकरू शोधताय?"

"मागणी," तो म्हणाला. "पण आधीच सांगून टाकतो. नंतर फसवलं म्हणू नका. मी घोरतो. भयंकर घोरतो. बहीण म्हणायची, घरात गिरणी आहे."

तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले. तिने हात पुढे केला. या वेळी त्याचा हात चुकून आला नाही.

"घोर," ती म्हणाली. पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून. "खुशाल घोर. मला कळत तरी राहील, तू आहेस ते."