हात? भायेर!

आधीच सांगून टाकतो, ही रात्रीची गोष्ट नाही.

अमावस्या नव्हती, स्मशान नव्हतं, पिंपळही नव्हता. भर दुपार होती. १९७८ सालचा मे महिना. जागा भंडारा जिल्ह्यातली, पवनी तालुक्यात कोंढ्याच्या बाजूची एक बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आजही माणसं राहतात.

हे सगळं माझ्यासमोर घडलंय. माझ्या नावाला डाग तिथंच लागला, म्हणून यात एक शब्दही मी पदरचा घालणार नाही. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

मी तुलाराम. मोठा भाऊ गोपीचंद आणि मी, दोघं मिळून ट्रॅक्टर, बुलडोझर दुरुस्त करायचो. आदल्या पावसाळ्यात त्या बोडीची पार फुटली होती. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तो बांधायला ठेकेदारानं बुलडोझर आणला आणि तो नेमका पारीवरच बंद पडला. आतली तेलसीलं गेली होती. आम्ही दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट बाहेर काढले आणि सीलं बदलली.

आता शाफ्ट परत बसवायचे होते.

शाफ्ट म्हणजे लोखंडाची जाड दांडी, टोकाला दाते असलेली. इंजिनाची ताकद त्या दांडीतूनच साखळीपट्ट्यांपर्यंत जाते. तिचे दाते आतल्या गिअरच्या खाचांत बसले पाहिजेत. गिअर एका अंगाला कलतो, म्हणून एकानं मागचं झाकण उघडून तिथून हात घालून तो उचलून धरायचा. दुसऱ्यानं बाजूनं शाफ्ट खांद्यानं आत ढकलायचा. दोघांच्या मध्ये अख्खं मशीन. एकमेकांचं तोंड दिसत नाही.

म्हणून आमची एक रीत होती. दाते जुळले की मी विचारायचो, "हात?"

दादा हात काढून घ्यायचा आणि सांगायचा, "भायेर!"

मगच शेवटचा जोर लावायचा. उत्तर नाही, तर जोर नाही. इतकी वर्षं कधी चूक झाली नव्हती.

डावा शाफ्ट नीट बसला. उजव्याच्या वेळी मी विचारलं, "हात?"

लगेच उत्तर आलं...

"भायेर!"

दादाचाच आवाज. मी खांदा लावला.

आणि दादा किंचाळला.

त्याची चार बोटं गेली. बैलबंडीत घालून पवनीला नेताना तो वहिनीला एवढंच म्हणाला, "म्या भायेर म्हनलोच नाई वं. तुल्यानं काहून ढकललं?"

जखमेतून धनुर्वात झाला. आठवडाभरात दादा गेला.

मी ऐकलं होतं. तेव्हाही ओरडून सांगितलं, आजही सांगतो. मी ऐकलं होतं!

पण मरणारा माणूस खोटं कशाला बोलेल? धाकट्यानं मोठ्याला खाल्लं, असं गावभर झालं. गावाची मला पर्वा नव्हती. पण रुखमिणी वहिनी माझ्यापुढं ताट ठेवायची आणि तोंड फिरवायची. मी लहान असताना तिनं मला जेवू घातलं होतं. तिनं मला खुनी समजावं, हे काही सहन होत नव्हतं.

मशीन तसंच पडून होतं. उजवा शाफ्ट बाहेर, पार उघडी, मृग तोंडावर. पाऊस लागला असता तर वर्षाचं धान गेलं असतं. पण झाकणात हात घालायला गावातला एकही गडी तयार होईना.

ज्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, त्या पारीखाली होती, ते म्हातारे सेवकराम एक दिवस हळूच म्हणाले, "तुलाराम, या पारीवर दुपारी कोनी हाक देली त आमी पयल्या हाकेले ओ देत नाई. दुसरीलेई नाई. तिसरीले देतो."

"काहून?"

"पयलीले दुसरंच कोनी देते."

माझं डोकंच फिरलं. "अना हे आता सांगून राहिले? माहा भाऊ गेल्यावर?"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "मशीनवाल्याले कसं सांगाव? हासले असते तुमी."

हसलो असतोच. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच पारीवर गेलो. शाफ्ट चेनपुलीला टांगला आणि एकट्यानं काही जमतं का बघत बसलो. ऊन रणरणत होतं. बोडीच्या तळाला चिखलाचं एक डबकं तेवढं उरलं होतं. सेवकराम आणि आणखी दोघं लांब मोहाच्या झाडाखाली बसून माझी मजा बघत होते.

तेवढ्यात मागून पावलं वाजली.

वहिनी होती. पदर कमरेला खोचलेला. दादा गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"सरका, भाऊजी. म्या घालतो हात."

"वहिनी, डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं. माह्या मालकाचा हात गेला तिथं माहा जाईन. तुमी इचारा, जसं त्यायले इचारलं तसंच. मले पाहू द्या, कोन उत्तर देते त."

मी नाही म्हटलं, हात जोडले. ऐकेल तर ती वहिनी कसली! मागं गेली, झाकणात कोपरापर्यंत हात घातला. गिअर सरळ झाल्याचं मला शाफ्टवर कळलं. दाते जुळले.

आणि अचानक सगळं गप्प झालं. मोहावर होले घुमत होते... तेही थांबले.

 तरी मी विचारलं.

"हात?"

क्षणही गेला नाही...

"भायेर!"

वहिनीचा आवाज. स्वच्छ, खणखणीत.

माझा खांदा आपोआप शाफ्टला टेकला. सवयच ती.

पण मी ढकललं नाही. एकदा कानावर विश्वास ठेवून भाऊ घालवला होता. या खेपेला डोळ्यांनी बघणार होतो, मग कोणी काहीही म्हणो. शाफ्ट सोडला आणि वळसा घालून मागं गेलो.

वहिनीचा हात आतच होता.

कोपरापर्यंत.

आणि तोंडात पदराचा बोळा होता. तिनं तो दातांत घट्ट आवळून धरला होता. चुकूनसुद्धा उत्तर जाऊ नये म्हणून. तिला बघायचं होतं, उत्तर न मिळता मी ढकलतो का.

तिचे डोळे विस्फारले होते. हळूच तिनं हात बाहेर काढला, पदर सोडला.

"आयकलं म्या," ती म्हणाली. "भाऊजी... हे त माह्याच आवाजात बोललं. अंदरून. माह्या हाताजवळून."

मोहाखालून सेवकराम ओरडले, "बाई, तूच बोलली ना? आमी आयकलं!"

वहिनी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दादा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. "तुमी खरे होते, भाऊजी. अना तेई खरे होते," एवढंच म्हणत राहिली. माझ्याही डोळ्यांना धार लागली. त्यात भीती किती आणि सुटका किती, मला आजही सांगता येणार नाही.

सेवकराम धावत आले. म्हणाले, आज राहू द्या, कोंबडा देऊ, मग बघू.

वहिनी ताडकन उठली. "कोंबडा कायले? माहा धनी खाल्ला त्यानं, अजून काय चारू? आज हे मशीन चालू होईन. अना पार बांधल्या जाईन!"

मला एकदम दहा हत्तींचं बळ आलं.

गिअरखाली हाताऐवजी बाभळीची पाचर ठोकली. हे आधी सुचलं असतं तर दादा आज असता. पण आमची हातानं करायची रीत पडली होती. वहिनी वळसा घालून माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात माझ्या डोळ्यांपुढं धरून उभी राहिली. विचारायचं नाही, बोलायचं नाही. मी खांदा लावला.

शाफ्ट सरकू लागला.

आणि मशीनच्या पोटातून...

"भायेर!" दादाचा आवाज.

"भायेर!" वहिनीचा.

सेवकराम पळाले. वहिनी हलली नाही. तिनं हातही खाली घेतले नाहीत. मी तोंडाला येईल ती शिवी देत शेवटचा जोर लावला. खट्ट... शाफ्ट बसला.

आणि अगदी हळू, तिसऱ्यांदा...

"भायेर..."

तो आवाज माझा होता.

मृगाच्या आत पार बांधली. त्या साली धान भरपूर झालं. मशीन ठेकेदार घेऊन गेला, पुढं त्याचं काय झालं मी विचारलं नाही. वहिनीनं मला पुन्हा समोर बसून जेवू घातलं. आमच्या घरात मात्र एक नेम पडला. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. तिसरीला द्यायची.

सहा वर्षं काही झालं नाही. वाटलं, सुटलो.

मग चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी कामावरून आलो. अंगणातून नेहमीसारखी हाक मारली.

"वहिनी!"

पहिल्याच हाकेला घरातून उत्तर आलं...

"भायेर!"

मी जागीच थिजलो. मागं बादली वाजली. वहिनी विहिरीवरून पाणी घेऊन आली होती. तिनंही ऐकलं होतं. 

मग तिनं बादली खाली ठेवली, कमरेला पदर खोचला आणि दाराकडं बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "भायेर आहेस ना? मंग भायेरच राय!"

आणि सरळ आत जाऊन चुलीवर चहा ठेवला.

मीही मागोमाग गेलो. दाराला कडी मात्र लावली नाही.

आवाज आतून आला होता. जायचं असेल तर त्याला वाट हवी.

आजही दुपारी आमचं दार उघडंच असतं.